सोळा पिक्सेलचा रापणकर

मे संपला की आमच्या मालवणात सगळंच सुस्तावतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, समुद्र खवळलेला म्हणून रापण पण बंद, पर्यटक नाहीत, आणि मी ज्या झेरॉक्सच्या दुकानात बसते तिथे दिवसाला दहा-बारा गिऱ्हाईकं आली तरी खूप. गेल्या वर्षी याच दिवसांत मी पिक्सेल आर्ट, म्हणजे बारीक चौकोनी ठिपके एकेक करून रंगवत चित्र काढणं, शिकायला घेतलं. मला रापणीचा गेम करायचा होता, आणि तो लहानपणी आतेकडे टीव्हीला जोडून, कॅसेट खोचून आम्ही जे गेम खेळायचो ना, अगदी तसा दिसायला हवा होता.

रापण ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, होडीतून जाळं अर्धगोल टाकत नेतात, दोन्ही बाजूचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडे माणसांच्या रांगा ते दोर ओढत ओढत हळूहळू एकमेकांजवळ येतात. शेवटी जाळं वाळूवर येतं आणि आत बांगडे, पेडवे, जे काय असेल ते. मला त्या रांगेतला एक माणूस काढायचा होता. फक्त एक माणूस, दोर ओढणारा. त्याला अडीच महिने लागले.

सॉफ्टवेअर म्हणाल तर पिस्केल, फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच चालतं. पहिला रापणकर मी ६४ बाय ६४ पिक्सेलचा काढला, रंग मोजले तर ३७ निघाले, आणि शेडिंग असं की कडेला गडद आणि मध्ये उजळ, छातीला तसंच, पोटाला तसंच, मांडीला तसंच. मला तो आवडलेला. आतेभाऊ पुण्याला मोबाइल गेमचं काम करतो, त्याला पाठवला आणि विचारलं, दादा, कसा झालाय? त्याने उलट विचारलं, ऊन कुठून येतंय ते सांग आधी. माझ्याकडे उत्तरच नव्हतं. याला पिलो शेडिंग म्हणतात, प्रत्येक भाग उशीसारखा फुगलेला दिसतो कारण उजेड एका दिशेने येतच नाही, नुसती बाहेरची कड आत आत उतरवलेली असते. दादा म्हणाला नव्या माणसाचं पहिलं काम नव्वद टक्के वेळा असंच येतं, तू आता रंग काढून घे स्वतःकडून.

रंग काढून घे म्हणजे काय ते त्याने समजावलं. आपण खेळायचो ते टीव्ही गेम बहुतेक १९८३ साली जपानात आलेल्या फॅमिकॉम या गेम मशीनच्या नकला. त्या मशीनची स्क्रीन २५६ बाय २४०, स्प्राइट म्हणजे ८ बाय ८ चे तुकडे, आणि एका तुकड्यात तीनच रंग, चौथा पारदर्शक. मारिओला मिशी का आहे तर १९८१ च्या डाँकी काँग या गेममध्ये एवढ्याशा जागेत नाकाखाली तोंड दाखवता येईना, टोपी का तर केस काढणं अवघड, असं त्याला काढणाऱ्या मियामोतोंनी स्वतः सांगितलंय. हे ऐकून माझं डोकंच उघडलं. म्हणजे तो चेहरा आधी ठरवून मग छोटा केलेला नाही, जागेनेच तो चेहरा घडवला.

मग मी १६ बाय २४ वर आले, ८ चे सहा तुकडे, आणि तीन रंग. अंगाचा तपकिरी, बनियनचा पांढरा, आणि एक गडद निळा जो टोपी, केस, हाफ पँट आणि बाहेरची रेघ सगळं सांभाळतो. डोळे काढून टाकले. रापण ओढणाऱ्याचे डोळे लांबून कोण बघतो? टोपी कुठल्या बाजूला वळली आहे त्यावरून तो कुठे बघतोय ते कळतं.

मध्ये एक आठवडा वाया गेला तो पण सांगते कारण बरेच जण इथे अडकत असतील. मी चित्र फोटो म्हणून मोबाइलवरून पाठवत होते, पाठवताना ते दाबलं जायचं, कडा पुसट, रंगांच्या मध्ये भलतेच रंग, आणि दादा बिचारा त्या पुसटपणावर तासभर सूचना देत बसायचा. पीएनजी फाइल करायची, चित्र पूर्ण आकड्याने मोठं करायचं, चौपट नाहीतर आठपट, साडेतीनपट कधीच नाही, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं. बस.

दोर हा वेगळाच विषय झाला. तिरकी रेघ पिक्सेलमध्ये पायऱ्यांचीच होते, त्यामुळे पायऱ्यांची लांबी महत्त्वाची. माझ्या पायऱ्या ३, १, २, १, ३ अशा होत्या आणि दोर मोडल्यासारखा दिसायचा. दादाने आकडेच लिहून पाठवले. ताणलेला दोर हवा तर २, २, २, २, सगळ्या सारख्या. झोळ पडलेला हवा तर ४, ३, २, १, १, म्हणजे क्रमाने कमी होत जायला हवं, मध्येच उडी नको. मला झोळ सुंदर वाटला म्हणून मी तोच ठेवला.

आता आबांचं. आमच्या दुकानासमोर राहतात, सगळं आयुष्य रापणीत गेलं, त्या दिवशी आधारची झेरॉक्स काढायला आलेले आणि बाहेर पाऊस एवढा की थांबून राहिले. स्क्रीनवर माझा माणूस हलत होता, चार फ्रेम, म्हणजे एकामागून एक दिसणारी चार चित्रं, हात पुढे हात मागे. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "गो चेडवा, हो दोर वडता काय नुसतो धरून उभो आसा?"

मी म्हटलं आबा, ओढतोय ना, बघा हात हलतायत.

"हातान कोण वडता गो. कमरेन वडूचा लागता."

आणि मग त्यांनी झेरॉक्स मशीनच्या शेजारच्या मोकळ्या जागेत, छत्री दोरासारखी धरून, करून दाखवलं. मी पटकन व्हिडिओ घेतला आणि रात्री तो थांबवत थांबवत बघितला. आधी टाच रुतते. मग कंबर मागे जाते, हात सरळच राहतात, कोपरात वाकतच नाहीत. डोकं सगळ्यात शेवटी मागे येतं, हनुवटी छातीला टेकलेली. आणि त्या मागे पडलेल्या अवस्थेत माणूस क्षणभर थांबतो, कारण तेव्हा त्याचं सगळं वजन दोरावर असतं, आणि मगच मागचा पाय एक पाऊल आणखी मागे सरकतो. जाताना आबा एवढंच म्हणाले, "दोर ढिलो पडलो तर मासो जाता." म्हणजे माझा तो सुंदर झोळ पण चूक होता. २, २, २, २.

मी सगळं पुसून परत काढलं. दुसऱ्या फ्रेममध्ये कंबर दोन पिक्सेल मागे, डोकं तिथेच. तिसऱ्यात डोकं दोन पिक्सेल मागे आणि एक खाली. हात चारही फ्रेममध्ये सरळ रेघ. पिस्केलमध्ये सगळ्या फ्रेमना एकच वेग असतो, त्यामुळे तो थांबण्याचा क्षण दाखवायला तिसरी फ्रेमच तीनदा ठेवली, सेकंदाला दहा फ्रेम धरल्या तर एरवी एकेक फ्रेम ०.१ सेकंद आणि ही ०.३. एवढ्याने वजन आलं. खरंच सांगते, एक पिक्सेल नवीन न रंगवता, नुसतं थांबवल्याने वजन आलं, आणि मी रात्री साडेबाराला ते लूपवर बघत बसले होते, मग लाइट गेली.

दादाला पाठवलं तर तो खूश, पण म्हणाला हे पांढऱ्यावर काय बघतेस, वाळूवर ठेव. ठेवलं आणि माणूस गायब, नुसती बनियन आणि हाफ पँट हवेत. चित्र काळं-पांढरं करून बघितलं तेव्हा कळलं की अंगाचा तपकिरी आणि ओल्या वाळूचा तपकिरी, दोन्हीचा करडा एकच होता. रंग वेगळा असून उपयोग नाही, उजळपणा वेगळा हवा. शेवटी वाळू बरीच उजळ केली, दुपारची कोरडी वाळू असते तशी, आणि अंग आणखी गडद.

या काळात माझी विचारायची पद्धत पण बदलली. कसं झालंय विचारलं की लोक छान म्हणतात, आई तर पहिल्यालाही छान म्हणाली होती. आता मी मोठं करून दाखवतच नाही, गेममध्ये दिसेल त्याच साइजला दाखवते आणि विचारते, हे काय आहे? शेजारचा सात वर्षांचा मुलगा आहे, जूनमध्ये त्याला जुनं दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "हो झाडू मारता." ऑगस्टमध्ये सहा माणसं रांगेत लावून दाखवली, सगळ्यांना एकच चार फ्रेम पण प्रत्येकाची सुरुवात थोडी पुढेमागे, तर बघताक्षणी ओरडला, "रापण वडतत!"

दादाचं म्हणणं सहा माणसं नकोत. खऱ्या मशीनवर एका आडव्या ओळीत आठच तुकडे दिसायचे, त्याच्या वर गेलं की काही गायब, म्हणून तर लहानपणी गर्दी झाली की शत्रू लुकलुकायचे. माझा माणूस दोन तुकडे रुंद, म्हणजे चारच बसणार. मी ऐकलं, समजून घेतलं आणि तरी सहाच ठेवले. चार माणसांनी रापण येत नाही. माझा गेम लॅपटॉपवर चालणार आहे, तीन रंगांचा नियम मी पाळते कारण त्याने चित्र चांगलं होतं, हा आठ तुकड्यांचा नियम पाळून चित्र खोटं होत होतं.

नारळी पौर्णिमेनंतर दांडीच्या किनाऱ्यावर रापण लागली तेव्हा लॅपटॉप घेऊन गेले. समोर सिंधुदुर्ग किल्ला, आबा वाळूवर बसलेले, आता ओढत नाहीत पण येतात रोज. त्यांना दाखवलं. सहाही जण मागे पडतात, थांबतात, पाऊल टाकतात. त्यांनी एकदा स्क्रीन बघितली, एकदा समोरची रांग, परत स्क्रीन, आणि मान हलवली. मग रांगेच्या शेवटी बोट ठेवलं.

"सगळा बरा आसा. दोर गुंडाळता कोण?"

समोर बघितलं तर खरंच, रांगेच्या मागे एक पोरगा वाळूवर बसून आलेला दोर गोल गोल टाकत होता. माझ्या गेममध्ये ओढलेला दोर स्क्रीनच्या कडेला जाऊन नाहीसा होत होता. आता तो सातवा काढतेय, बसलेला, १६ बाय १६. वेटोळं गोल दिसतंय, पण दोन हातांतून दोर सरकताना अजून नीट कळत नाहीये, तिसरी फ्रेम परत करायची आहे.