चौकट चौकी

आमच्या दोस्त जोडप्याची नावं सांगत नाही. गोव्यात तालुके बारा, आणि फोंड्याच्या बाजारात कोणी शिंकलं तर मडगावात कोणाच्या तरी मामीला पडसं होतं. म्हणून त्याला किलवर म्हणते आणि तिला चौकट. बदाम हेही सुचलं होतं, पण ते दोघांपैकी कोणालाच देववेना.

आमचा शनिवार ठरलेला. कधी त्यांच्याकडे, कधी आमच्याकडे. जेवणं आटोपली, लेक झोपली, की टेबलावरचं प्लास्टिक पुसायचं आणि मेंढीकोट. चार माणसं, तेरा-तेरा पानं, दोन जोड्या. नवरा-बायकोने भिडू व्हायचं नाही हा नियम पहिल्याच रात्री झाला, कारण पहिल्याच डावात मी विश्वासाने टाकलेली दश्शी, म्हणजे या खेळातली मेंढी, माझ्या नवऱ्याने समोरच्यांना जाऊ दिली, आणि हातात हुकूम असून जाऊ दिली. त्यावरून जे झालं ते बघून चौकट म्हणाली, "अगो, उठ तू तिथून." तेव्हापासून मी आणि किलवर, नवरा आणि चौकट. अकरा वर्षं.

भिडू हे नातं काय आहे ते मला अजून नीट सांगता येत नाही. किलवरशी मी एकटीने कधी चहासुद्धा प्यायले नसेन. पण त्याच्या हातात हुकमाचा एक्का असला की तो कान खाजवतो हे मला ठाऊक होतं. ते टेबलावरच्या चौघांनाही ठाऊक होतं, तरी तो खाजवायचा. चारही मेंढ्या समोरच्यांकडे जाऊन आमच्यावर कोट चढला की तो घरी जाताना चपला उलट्यासुलट्या घालून जायचा. आणि चौकट माझ्या नवऱ्याला जे ऐकवायची, "झोपलास काय रे? मेंढी गेली!", ते मी ऐकवलं असतं तर रविवार गेला असता. तिने म्हटलं की तो हसायचा. मला वाटतं, आमच्या घरातल्या निम्म्या तक्रारी तिनेच त्या टेबलावर परस्पर मिटवल्या. त्यांच्या घरातल्या मी मिटवल्या की नाही, ते आता विचारायची सोय नाही.

पत्त्यांचा जोड आमच्याकडेच असायचा. त्यातली चौकटची चौकी कधीतरी हरवली. नवा जोड घ्यायच्या गोष्टी दोन वर्षं झाल्या, शेवटी किलवरने एक जोकर उचलला आणि त्यावर निळ्या पेनने लिहिलं, 'चौकट चौकी'. अक्षर असं की डॉक्टरने लाजावं. ते पान ज्याच्या हातात यायचं ते माणूस हसायचं आणि सगळ्यांना कळायचं ते कोणाकडे आहे.

गेल्या जूनमध्ये त्यांनी सांगितलं. मासेमारीबंदीचे ६१ दिवस नुकतेच सुरू झाले होते, म्हणून सुक्या सुंगटांची किसमूर, सोलकढी आणि आंब्याचं सासव असं जेवण होतं. पाऊस लागला होता आणि वीज दोनदा जाऊन आली होती. चौकटने पान उलटं टाकावं तसं म्हटलं, "आम्ही वेगळं व्हायचं ठरवलंय." किलवर पत्ते पिसत होता, तो पिसतच राहिला. कोणी काहीच बोलेना. मग माझा नवरा म्हणाला, "म्हणजे, शनिवारी?"

यावर मी त्याला नंतर पुष्कळ बोलले. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. तो फक्त बोलून मोकळा झाला.

मेंढीकोटात एक प्रकार बंद हुकमाचा असतो. एकजण आपल्या हातातलं एक पान टेबलावर पालथं घालून ठेवतो. ते हुकमाचं. कोणाकडे उतरलेल्या रंगाचं पान नसलं की मगच ते उघडायचं. तोवर सगळे त्याच्याभोवतीच खेळत असतात, पाण्याचे पेले ठेवतात, पापड मोडतात. त्या रात्री ते गेल्यावर मी मागचे शनिवार एकेक करून आठवत बसले. कुठे आवाज चढला होता? कुठे कोणी उठून स्वयंपाकघरात गेलं होतं? काही सापडेना. इतकंच आठवलं की वर्षभरात ती दोघं एकमेकांना 'सॉरी' फार म्हणायला लागली होती. पाणी सांडलं तरी सॉरी. मला ते चांगलं वाटलं होतं. मी नवऱ्याला उदाहरण म्हणून दाखवलंही होतं.

गोव्यात लग्न आधी कागदावर होतं, मग अंतरपाटाशी. विवाह नोंदणी कार्यालयात दोनदा जायचं: पहिली सही, मग काही दिवसांनी दुसरी सही. आमच्याकडच्या आज्या "सह्या झाल्या काय?" असंच विचारतात. त्यांच्या सह्यांना साक्षीदार आम्ही होतो. मी नवी साडी नेसले होते आणि कारकुनाने माझं आडनाव दोनदा चुकवलं होतं. शिवाय इथला कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची, सामाईक. मोडताना ती अर्धी-अर्धी. घटस्फोटाचा कायदाही पोर्तुगिजांचाच, १९१० चा, आणि परस्परसंमतीने वेगळं होण्याची सोय त्यात तेव्हापासून आहे. त्यांनी तीच वाट धरली. फ्रीज त्याला, वॉशिंग मशीन तिला, स्कूटर तिला, गाडीचे हप्ते निम्मे-निम्मे. सही करताना साक्षीदार म्हणून ज्यांना बोलावलं त्यांना मोडताना कोणी काही विचारत नाही, हे मला तेव्हा कळलं. विचारायला हवं असं नाही. पण साडी नेसले होते मी.

पुढचा महिना आमच्या घरात कोणीही भांडलं नाही. नवरा ओला टॉवेल स्वतः वाळत घालू लागला. मी त्याच्या आईबद्दल एक वाक्य गिळलं, मग दुसरं गिळलं. "तू दमलीस का?" "नाही, तू?" असे संवाद व्हायला लागले. आठवडाभर ठीक होतं, मग मला भीती वाटायला लागली. एका रात्री मी त्याला मोबाइलवर वाचून दाखवलं: अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ पासून लोकांच्या हृदयाचा अभ्यास चालू आहे, पिढ्यान्‌पिढ्या. त्या माहितीवरून २०१३ मध्ये तीन संशोधकांनी मांडलं की जवळच्या मित्राचा घटस्फोट झाला तर आपला होण्याची शक्यता ७५ टक्क्यांनी वाढते. मित्राच्या मित्राचा झाला तरी ३३ टक्क्यांनी.

नवरा पंख्याकडे बघत म्हणाला, "हृदयाचा अभ्यास करायला गेलेले, नाही का?"

"हं."

"कोलेस्टेरॉलचं काय निघालं?"

मी मोबाइल ठेवला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आणि आपण दोघांचेही मित्र. मग काय, दीडशे?" आम्ही हसलो. पण दुसऱ्या दिवशी टॉवेल पलंगावर पडलेला दिसला तेव्हा मला बरं वाटलं, आणि मी मनापासून ओरडले.

खरी अडचण टॉवेलची नव्हती. चौकट बोरीच्या पुलापलीकडे, मडगावला भाड्याच्या खोलीत गेली. ती मला फोन करायची. किलवर फोंड्यातच राहिला; तो रविवारी सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, मागोमाग यायचा, नवऱ्याबरोबर गॅलरीत बसून पातळ भाजीत पोई बुडवायचा आणि पावसावर, रस्त्यावर, खाणी सुरू होणार की नाही यावर बोलायचा. मी समजत होते की पुरुष नुसतं एवढंच बोलतात. तर तसं नव्हतं. तो काहीतरी सांगत होता, आणि नवरा ते मला सांगत नव्हता. मीही चौकटने सांगितलेलं त्याला सांगत नव्हते, कारण तिने शपथ घातली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा आमच्या दोघांत गुपितं आली, आणि तीही आमची नव्हती. रात्री दिवा मालवला की एकाच गोष्टीचे दोन तुकडे पलंगाच्या दोन बाजूंना झोपायचे. एकदा मी विचारलं, "तो काय म्हणतो?" नवरा म्हणाला, "काही नाही. ती?" मी म्हटलं, "काही नाही."

दरम्यान गावाचं चालूच होतं. देवळात एकीने प्रसाद हातावर ठेवता ठेवता विचारलं, "तुमी खंयच्या वटेन?" म्हणजे कोणाच्या बाजूचे. जणू पंचायतीची निवडणूक. सासूबाईंनी मात्र एकदाच विचारलं, "तीं दोगांय येनात गो आतां?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी चार माणसांचा तांदूळ मोजायचं मापटं परत डब्यात ठेवलं आणि लहान वाटी काढली. चौघांचा व्हॉट्सॲप ग्रुप अजून आहे. बाहेर कोणीच पडलेलं नाही. शेवटचा मेसेज माझाच: 'येताना दहा पोई आणा.'

ऑगस्टात एका शनिवारी चौकट आली, स्कूटरवरून, रेनकोट निथळत. जेवणं झाली आणि तिघंही सवयीने टेबलाशी बसलो. मेंढीकोट होईना, म्हणून तीन-दोन-पाच. लहानपणी दुपारी खेळायचा डाव. जोडातली खालची सगळी पानं काढायची, अठ्ठ्यांपासून वर ठेवायचं, आणि तीस पुरी व्हायला दोन सत्त्या घ्यायच्या, इस्पिकची आणि बदामची. नवरा पानं निवडत होता. किलवरची सत्ती, चौकटची सत्ती त्याने बाजूला टाकली आणि थोडा वेळ त्या दोन पानांकडे नको तितका बघत राहिला. चौकट म्हणाली, "काय रे, झोपलास काय?"

या डावात भिडू नसतो. एकाला पाच हात करायचे, एकाला तीन, एकाला दोन. ज्याचे कमी पडतील तो पुढच्या डावात देणेकरी. ज्याने जास्त केले तो त्याच्या हातातलं पान न बघता ओढतो आणि आपल्याकडचं निरुपयोगी पान त्याला देतो. पहिल्या डावात चौकटचे दोन हात कमी पडले, आणि माझे दोन जास्त झाले. पुढची पानं वाटली. तिने आपली दहा पानं पंख्यासारखी माझ्यापुढे धरली. मला ओढवेना. मी म्हटलं, "जाऊ दे गो, राहू दे." तिने पानं खाली केली नाहीत.

"ओढ," ती म्हणाली. "सगळे मला सोडूनच देतात हल्ली. ओढ तू."

मी ओढलं. इस्पिकचा एक्का निघाला. तिने अशी शिवी दिली की आत लेक जागी झाली. त्या रात्री ती साडेबाराला पूल ओलांडून गेली, पोचल्याचा फोन केला, आणि त्या फोनवर काहीही सांगितलं नाही. शपथ नाही, गुपित नाही. नुसतं, "पुढच्या वेळी एक्का देणार नाही."

चवथीला दरवर्षी किलवर आदल्या संध्याकाळी माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळांचं टांगतं छत, बांधायला यायचा. तो उंच, त्याला स्टूल लागायचं नाही. यंदा नवऱ्याने स्टुलावर चढून नारळ, सुपाऱ्यांची शिपटी, तोरिंगं, कवंडळं बांधली. एक कवंडळ गणपती बसायच्या आधीच त्याच्या डोक्यावर पडलं. किलवर दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून गेला, चौकट संध्याकाळच्या आरतीला आली. दोघांनीही माटोळीकडे बघून "वांकडी झाल्या" असंच म्हटलं.

पाहुणे गेल्यावर गणपतीजवळ जागायचं म्हणून आम्ही दोघंच बसलो. नवऱ्याने पत्ते काढले, पिसले आणि वाटायला लागला. चौथं पान पडल्यावर मला दिसलं की तो चार ढीग घालतोय. त्यालाही दिसलं. त्याने सगळी पानं गोळा केली.

"दोघांत काय खेळतात?" त्याने विचारलं.

भिकार-सावकार सोडून आम्हाला काही आठवेना. पानावर पान टाकत जायचं, वरच्या पानाशी आपलं जुळलं की ढीग आपला. डोकं लागत नाही आणि डाव संपत नाही. बराच वेळ तो भिकारी होता, मग मी झाले. समईत तेल घालून परत आले तेव्हा माझी पाळी होती. मी इस्पिकची चौकी टाकली. त्याने वरचं पान उलटलं आणि हात तसाच धरून ठेवला. जोकर होता. निळ्या पेनची ती घाणेरडी अक्षरं.

"ही धरायची?" तो म्हणाला.

"धरायची."

त्याने ढीग उचलला.