श्रावणाआधीचे मटण आणि डिस्कसची टाकी

आषाढात शोभेच्या माशांबद्दल माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुधा नळाच्या पाण्याच्या असतात. पावसाळ्यात पाणी गढूळ येते, त्यात क्लोरीनचा वासही जास्त असतो आणि ते थेट टाकीत ओतले की मासे तडफडू लागतात. त्यामुळे मुलुंडहून एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा फोन आला तेव्हा पिशवीत सवयीने हायपोची, म्हणजे क्लोरीन मारणाऱ्या औषधाची, बाटली टाकूनच मी निघाले. टाकीतले पाणी पांढुरके झाले आहे, एक डिस्कस (तबकडीसारखा चपटा शोभेचा मासा) सकाळी मेला, बाकीचे काळवंडून एका कोपऱ्यात उभे आहेत आणि नातवाच्या छोट्या टाकीतला निळा क्रेफिश (कवच आणि नांग्या असलेला, कोळंबीच्या जातकुळीतला प्राणी) ‘अर्धा अंगाबाहेर येऊन’ मेला आहे, असे त्यांनी सांगितले होते. दोन वेगळ्या टाक्या आणि दोन अगदी वेगळ्या जातींचे प्राणी एकाच आठवड्यात बिघडावेत, याचेच मला वाटेत नवल वाटत होते.

झाकण उचलताच वास आला, पण तो क्लोरीनचा नव्हता. पाण्यावर तेलकट तवंग होता आणि काचेला पाण्याच्या रेषेलगत पांढरे बारीक कण चिकटलेले होते. त्यातला एक नखावर घेऊन चोळला, तर तो विरघळला नाही, नुसता पसरला. मटणाचा रस्सा गार झाल्यावर वर जमतो तसला तो थर होता. डिस्कससाठी पाणी २९ अंशांवर ठेवलेले होते, पण आपल्याला ऊबदार वाटणाऱ्या या पाण्यातही बोकडाची चरबी घट्टच राहते.

“काका, खायला काय घालता?” मी विचारले.

“हृदय. परदेशातले सगळे डिस्कसवाले तेच घालतात, मॅडम.”

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. अमेरिका, जर्मनी आणि मलेशियातल्या पैदासकारांनी कित्येक दशके डिस्कसची पिल्ले बैलाच्या हृदयावर वाढवली आहेत. २०१५ पासून आपल्याकडे गोवंश हत्याबंदी लागू असल्याने इथले शौकीन म्हशीचे, बोकडाचे किंवा कोंबडीचे हृदय वापरतात. हृदय सतत काम करणारा स्नायू असल्यामुळे त्यात प्रथिने भरपूर आणि आतली चरबी थोडी असते. मात्र हे साफ केलेल्या हृदयाबद्दल खरे आहे. बाहेरच्या खाचेत बसलेली पांढरी चरबी, झडपा, रक्तवाहिन्यांची तोंडे, चिवट दोरे आणि कप्प्यांत साकळलेले रक्त काढून टाकल्यावर जो लाल गाभा उरतो, तोच माशांना घालायचा असतो.

काकांनी फ्रीजरमधून पिशवी काढून दिली आणि निम्मा उलगडा तिथेच झाला. तुकड्यांवर चरबीची टोपी जशीच्या तशी होती आणि त्यांच्या जोडीला गडद, गुळगुळीत कापे होती. मटणवाले कलेजी, दिल आणि गुर्दा पुष्कळदा एकत्रच तोलून देतात. काकांनीही ते वेगळे न करता सगळे मिक्सरला लावले होते. ही कापे कलेजीची, म्हणजे यकृताची. हे काळीज पाण्यात पडताच विरते. त्यातले रक्त आणि बारीक पेशी माशांच्या तोंडी न लागता पाण्यात मिसळतात, त्यावर जिवाणू फोफावतात, पाणी दुधाळ होते आणि प्राणवायू घटतो. शिवाय काळजात अ जीवनसत्त्व इतके असते की रोज खाणाऱ्या प्राण्याला ते बाधू शकते.

उरलेला उलगडा स्वयंपाकघरातून झाला. “श्रावण लागायच्या आत तो डबा संपलाच पाहिजे, हे मीच सांगितलं होतं,” काकू म्हणाल्या. गटारीच्या निमित्ताने घरात मटण आले, त्याच्याबरोबर माशांसाठीही घसघशीत माल आला, आणि श्रावणात फ्रीजमध्ये ते चालणार नाही म्हणून काकांनी शेवटच्या आठवड्यात खाणे दुप्पट केले. नातवानेही आपल्या क्रेफिशला रोज एक तुकडा दिला.

मी अमोनिया तपासला. नळीतला रंग पिवळा राहायला हवा होता, तो गर्द हिरवा झाला. काका लगेच बादल्या आणायला निघाले, कारण पाणी बिघडले की पाणी बदलायचे, हेच त्यांनी आजवर ऐकले होते. मी त्यांना थांबवले. टाकीतल्या पाण्याचा सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा; कमी तितके आम्ल जास्त) ६.५ होता आणि नळाच्या पाण्याचा ७.८. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बहुतांशी अमोनियम या कमी घातक रूपात असतो. २९ अंशांना आणि ६.५ सामूला त्याचा विषारी भाग पाव टक्क्याहून कमी असतो, तर साडेसातला तोच सव्वादोन टक्क्यांवर जातो. निम्मे पाणी एकदम बदलून सामू तिथवर चढला असता, तर एकूण अमोनिया अर्धा होऊनही त्याचा मारक भाग कितीतरी वाढला असता आणि सकाळपर्यंत तग धरून राहिलेले मासे आमच्या हातून संध्याकाळी मेले असते. हायपोने क्लोरीन मरतो, अमोनियावर त्याचा काही परिणाम होत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. म्हणून आम्ही खाणे पूर्ण बंद केले, तळाचा गाळ नळीने ओढून काढला, तवंग कागदाने टिपला, हवेचा पंप वाढवला, फिल्टरमध्ये झिओलाइट या अमोनिया शोषणाऱ्या खनिजाची पिशवी ठेवली आणि पाणी थोडे थोडे करून बदलायचे ठरवले.

मेलेला डिस्कस मी गच्चीतल्या टेबलावर उघडला. पोट फुगलेले असले तरी आत पाणी साठलेले नव्हते. आतड्याभोवती चरबीचे पांढरे लोंबते थर होते, आणि यकृत तांबूस-तपकिरी असायला हवे ते फिकट पिवळसर होते, चिमट्याने धरताच फाटत होते. हे आठवड्याभरात होत नाही. साफ न केलेले मांस काही महिने रोज खाल्ल्याचा तो परिणाम होता, आणि शेवटच्या आठवड्यातल्या खराब पाण्याने फक्त निमित्त पुरवले. कोणी म्हणेल की पूर्वी अमेरिकेतल्या ट्राउट माशांच्या पैदास केंद्रांत मासे कत्तलखान्यातले काळीज, हृदय आणि प्लीहा खाऊनच वाढत. गोळीखाद्य रुळण्याआधी ते तसे वाढतही. पण तिथे पाणी थंड आणि वाहते होते, उरलेसुरले वाहून जात होते, आणि मासे वाढवून सोडायचे किंवा खायचे होते. दिवाणखान्यातल्या टाकीत दहा वर्षे जगवायच्या माशाला तो हिशेब लावता येत नाही.

क्रेफिशकडे मी शेवटी वळले, आणि माझ्या दृष्टीने त्या दिवसातला सर्वांत बोलका पुरावा तिथे होता. पाठीचे कवच शेपटीच्या सांध्यापाशी उचकटलेले होते, पाठीचा भाग बाहेर आला होता, पण नांग्या जुन्या कवचातच अडकल्या होत्या. कात टाकण्याआधी क्रेफिश जुन्या कवचातला चुना शोषून जठराच्या भिंतीत दोन पांढऱ्या चकत्यांच्या रूपाने साठवतो आणि कात टाकल्यावर त्या विरघळवून नव्या कवचाला पहिला चुना पुरवतो. रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकताना कोळंबीची विच्छेदने पुष्कळ केली होती, क्रेफिशची क्वचितच, कारण हा प्राणी भारतात मूळचा नाहीच. तरी या आकाराच्या नराच्या जठरात त्या चकत्या ठसठशीत दिसायला हव्यात, एवढे नक्की माहीत होते. इथे सापडल्या त्या जेमतेम दोन मिलिमीटरच्या, आणि चिमट्यात चुरगळल्या.

कारण समोरच होते. शंभर ग्रॅम बैलाच्या हृदयात कॅल्शियम, म्हणजे चुन्याचा मुख्य घटक, जेमतेम ७ मिलिग्रॅम असते आणि फॉस्फरस दोनशेच्या वर. बोकडाचे हृदयही त्याला फारसे अपवाद नाही. मुंबईच्या नळांना येणारे भातसा, तानसा, वैतरणेचे पाणी मुळातच मऊ, म्हणजे क्षार कमी असलेले. डिस्कसला ते मानवते, पण क्रेफिशला त्यातून चुना मिळत नाही. त्यात भर म्हणजे नातवाची टाकी मोठ्या टाकीतून काढलेल्या आम्लधर्मी पाण्यानेच भरली जात होती. मागच्या वेळी टाकलेली कात कुठे गेली, असे मी विचारले, तेव्हा मेलेला क्रेफिश समजून ती कचऱ्यात टाकल्याचे कळले. वास्तविक तो आपली कात खाऊनच गेलेला बराचसा चुना परत मिळवतो.

नातवाकडे एक मादी उरली होती. तिला तलावात सोडून द्यावे का, असे काकांनी विचारले, त्यावर मी बहुधा गरजेपेक्षा मोठ्या आवाजात नको म्हणाले. परका क्रेफिश तलावात रुजला की तिथल्या वनस्पती आणि गोगलगायींची धडगत नसते. तिच्या टाकीत नळाचे क्लोरीन काढलेले पाणी, काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेसाचा तुकडा आणि देशी बदामाची वाळलेली पाने ठेवली. रोजच्या खाण्यात उकडलेला पालक, वाटाणा आणि बुडणारे गोळीखाद्य सांगितले. मांस आठवड्यातून एखाद्या वेळी, तेही हरभऱ्याएवढे. मादीने पुढे कात नीट टाकली आणि पोराने त्या कातीला कोणाला हात लावू दिला नाही.

डिस्कसपैकी आणखी एक दगावला, बाकीचे वाचले. मांसाला चटावलेले हे मासे गोळीखाद्य तोंडात घेऊन थुंकत राहिले. काकांचा जीव खालीवर होत होता, पण भुकेने वठणीवर आले. हृदय कायमचे बंद करायला मी सांगितले नाही. साफ केलेला गाभा, त्यात कोळंबी आणि पालक, जिलेटिनने बांधलेली पातळ वडी, आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटांत संपेल एवढीच, आणि उरलेले लगेच नळीने बाहेर, असे वेळापत्रक कागदावर लिहून दिले. श्रावणात मात्र घरात फक्त गोळीखाद्यच राहील, ही अट काकूंनी घातली. माशांच्या यकृतांनाही तेवढी विश्रांती हवीच होती, म्हणून तीही मी त्याच कागदावर लिहिली.