क्यूबिटटॉरंट उघडेना: चार संध्याकाळींची नोंद

शनिवार, रात्री साडेअकरा

संध्याकाळी बसून जुन्या लॅपटॉपवर डेबियन या लिनक्स प्रणालीचं ११ चं १२ केलं. बरेच दिवस टाळलं होतं, पण ११ चा नेहमीचा सुरक्षा आधार २०२४ च्या ऑगस्टमध्ये संपला, म्हणून आता करून टाकलं. सगळं नीट झालं. वाय-फाय आलं, मराठी कळपट्टी आली, प्रिंटरसुद्धा तक्रार न करता चालला. जाता जाता ॲप्टला, म्हणजे डेबियनच्या पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या साधनाला, निरुपयोगी झालेली पॅकेजं काढायला सांगितलं, मशीन रीस्टार्ट केलं आणि मेनूतून क्यूबिटटॉरंटवर, म्हणजे टॉरंटनं फाइली वाटायच्या प्रोग्रामवर, क्लिक केलं.

कर्सर दोन सेकंद गोल फिरला आणि थांबला. खिडकी नाही, संदेश नाही, खालच्या पट्टीवर चिन्हही नाही.

एरवी मी उद्या बघू म्हटलं असतं. पण या लॅपटॉपवरून सध्या आमच्या आजोबांच्या कीर्तनाच्या वह्या वाटल्या जातायत. ११ वह्या, सुमारे १,५०० पानं, प्रत्येक पानाची टिफ फाइल २५ एमबीच्या आसपास, म्हणजे सगळं मिळून ३८ जीबी. शाई फिकी पडत चालली होती म्हणून दिवाळीच्या सुट्टीत स्कॅन केल्या. एवढं ओझं मेलनं जात नाही, आणि पेन ड्राइव्ह कुरियर करून एकदा हात पोळलेत. म्हणून टॉरंट, म्हणजे फाइली तुकड्यातुकड्यांनी एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून थेट घ्यायची सोय, बनवून तिचा मॅग्नेट दुवा घरच्या ग्रुपवर टाकला. बेळगावच्या काकांकडे पूर्ण उतरलं. वडोदऱ्याचा आतेभाऊ ६१ टक्क्यांवर आहे. काका काम झालं की कॉम्प्युटर बंद करतात, म्हणजे आत्ता त्याला उरलेली पानं देणारं दुसरं कोणीच नाही.

रविवार

सकाळी डोकं ताजं असताना क्रमानं बघितलं.

प्रोग्राम आधीच पाठीमागे चालू असेल का? क्यूबिटटॉरंट एका वेळी एकच चालतो. दुसऱ्यांदा उघडला तर पहिल्याला निरोप देऊन आपण बाजूला होतो, आणि पहिला अडकलेला असेल तर बाहेरून असंच दिसतं, क्लिक केलं आणि काही नाही. चालू प्रोग्राम शोधणाऱ्या पीग्रेप या आज्ञेनं बघितलं, काही चालू नव्हतं. सेटिंगच्या फोल्डरमध्ये जुनी लॉकफाइलही (प्रोग्राम चालू असल्याची खूण) नव्हती. हा मुद्दा पाच मिनिटांत मिटला.

मग टर्मिनल उघडून नुसतं प्रोग्रामचं नाव टाइप केलं. हे मी काल रात्रीच करायला हवं होतं. मेनूतून उघडलं की प्रोग्रामचं शेवटचं बोलणं कुठेतरी हवेत विरतं, टर्मिनलमधून उघडलं की तेच समोर येतं. एकच ओळ आली. तिचा मतितार्थ असा: क्यूबिटटॉरंट: सामायिक लायब्ररी लोड करताना अडचण, लिबएसएसएल.एसओ.१.१ उघडता येत नाही, अशी फाइल नाही. (लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्राम वाटून वापरतात असा तयार कोड.)

इथे मोह होतो, आणि तो मोह मला नीट ओळखीचा आहे. नाव मिळालं, आता ते नाव शोधायचं, कुठलं तरी जुनं पॅकेज उतरवायचं, डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेनं बसवायचं. चालेलही कदाचित. पण ही लायब्ररी ओपनएसएसएल या सुरक्षित संपर्काच्या संचातली, आणि त्याच्या १.१.१ चा आधार ११ सप्टेंबर २०२३ ला संपलाय. डेबियन १२ मध्ये ओपनएसएसएल ३ आहे आणि १.१ मुद्दाम ठेवलेलं नाही. नेटवर अनोळखी मशीनशी बोलणाऱ्या प्रोग्रामच्या पोटात दुरुस्त्या बंद झालेली सुरक्षा लायब्ररी घालायची, हे मला पटत नाही. सेटिंगचं फोल्डर उडवून बघा, हा दुसरा नेहमीचा सल्लाही मी मानला नाही. सेटिंग वाचण्याइतकासुद्धा हा प्रोग्राम पुढे गेलेला नाही, त्याआधीच पडतोय.

दुपारी कॉलेजातल्या मित्राचा फोन आला. त्याचं म्हणणं, "अगं, फ्लॅटपॅक टाक आणि मोकळी हो." फ्लॅटपॅक म्हणजे प्रोग्राम डेबियनच्या पॅकेजांपासून वेगळा, बंदिस्त बसवायची पद्धत. टाकलं. उघडलं! आणि यादी कोरी. एकही टॉरंट नाही. क्षणभर पोटात गोळा आला. मग लक्षात आलं की फ्लॅटपॅक आपली सेटिंग घरच्या फोल्डरात 'व्हार' नावाच्या लपलेल्या जागी वेगळी ठेवतं, माझ्या जुन्या यादीकडे ते बघतच नाही. यादी जिथे असते तिथे, लोकल-शेअरमधल्या बीटी-बॅकअप फोल्डरात, सगळ्या टॉरंट आणि फास्टरिझ्यूम (कुठवर उतरलं त्याची नोंद) फाइली जागच्या जागी होत्या. त्या फोल्डरची लगेच बाहेरच्या डिस्कवर एक प्रत करून ठेवली.

ती यादी फ्लॅटपॅकमध्ये नेता आली असती आणि गोष्ट संपली असती. पण त्या प्रयोगानं मला एक पक्की गोष्ट सांगितली होती. फ्लॅटपॅक आपल्या लायब्रऱ्या सोबत घेऊन येतं आणि तिथे प्रोग्राम चालतो. म्हणजे माझा प्रोसेसर, डेस्कटॉप, नेटवर्क यांत काही बिघडलेलं नाही. बिघाड माझ्या मशीनवरच्या लायब्रऱ्यांमध्येच आहे. तो तसाच ठेवून वरून झाकण घालायचं नव्हतं.

सोमवार, रात्री

आज दिवसभर ऑफिसात एकच प्रश्न डोक्यात होता. डेबियन १२ चं क्यूबिटटॉरंट ४.५.२ ओपनएसएसएल ३ वर बांधलेलं आहे. मग १.१ मागतंय कोण?

संदेशातली फसगत इथे आहे. ओळीच्या सुरुवातीला क्यूबिटटॉरंटचं नाव येतं, म्हणून वाटतं की तोच मागतोय. पण ते फक्त सुरू केलेल्या प्रोग्रामचं नाव असतं. प्रोग्राम पाच लायब्रऱ्या मागतो, त्या प्रत्येकी आणखी चार मागतात, आणि त्या साखळीत कुठेही कडी तुटली तरी दोष पहिल्याच्या नावावर लागतो.

प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्या दाखवणाऱ्या एलडीडी या आज्ञेनं पूर्ण यादी काढली. शंभराच्या आसपास ओळी, त्यांत १.१ समोर "सापडली नाही" असं लिहिलेलं. पण मागणारा कोण, ते एलडीडीच्या साध्या यादीत येत नाही. त्यासाठी लोडरलाच, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना लायब्रऱ्या जोडून देणाऱ्या भागाला, बोलतं करावं लागतं. एलडी-डीबग नावाचा एक पर्यावरणीय चल, म्हणजे प्रोग्राम सुरू करताना बाहेरून द्यायचं सेटिंग, आहे. त्याला 'फाइल्स' हे मूल्य देऊन प्रोग्राम सुरू केला की लोडर प्रत्येक फाइलपाशी "ही अमक्याला हवी आहे" असं लिहितो. पडदाभर मजकूर वाहून गेला. तो फाइलमध्ये घेतला आणि १.१ शोधलं.

सापडली ती ओळ मी दोनदा वाचली. लिबएसएसएल.एसओ.१.१, हवी आहे: यूएसआर, लोकल, लिब, लिबटॉरंट-रास्टरबार.एसओ.२.० ला. लिबटॉरंट म्हणजे क्यूबिटटॉरंटसाठी टॉरंटचं मूळ काम करणारी लायब्ररी.

यूएसआर-लोकल! डेबियनची पॅकेजं तिथे काही ठेवत नाहीत. ती जागा मशीनच्या मालकाची. खात्रीसाठी डीपीकेजीला विचारलं की ही फाइल कोणत्या पॅकेजची. उत्तर आलं, कोणत्याच नाही. फाइलची तारीख बघितली, फेब्रुवारी २०२२.

तेव्हा सगळं आठवलं. ती फाइल मीच ठेवली होती.

बिटटॉरंटची दुसरी आवृत्ती तेव्हा नवी होती. ब्रॅम कोहेननं २००१ मध्ये आणलेल्या मूळ पद्धतीत प्रत्येक तुकडा शा-१ या पद्धतीनं काढलेल्या ठशानं पडताळला जातो, आणि २०१७ मध्ये दोन वेगळ्या पीडीएफना एकच शा-१ ठसा मिळू शकतो हे संशोधकांनी करून दाखवलं. दुसऱ्या आवृत्तीत शा-२५६ आहे आणि प्रत्येक फाइलचा स्वतंत्र हॅश-वृक्ष (ठशांची उतरंड). आजोबांच्या वह्यांसारखं काही काम पुढे करायचं हे तेव्हाही मनात होतं. पान न पान तपासून घेता यावं, शिवाय जुन्या क्लायंटवाल्या नातलगांनाही चालावं, म्हणून मला हायब्रीड, म्हणजे दोन्ही आवृत्त्यांत चालणारी, टॉरंट बनवायची होती. क्यूबिटटॉरंट ४.४ जानेवारी २०२२ मध्ये आलं आणि लिबटॉरंट २.० सोबत त्याला हे जमत होतं. पण डेबियन ११ मध्ये क्यूबिटटॉरंट ४.२.५ आणि लिबटॉरंट १.२ होतं. म्हणून एका रविवारी दोन्हींच्या नव्या आवृत्त्या स्वतः कंपाइल केल्या, म्हणजे मूळ कोडवरून बांधल्या. पंखा घोंघावत होता आणि आई दोनदा येऊन विचारून गेली, "हे पेटणार नाही ना गं?"

शनिवारी अपग्रेड करताना मी माझं जुनं क्यूबिटटॉरंट हातानं काढून डेबियनचं बसवलं. सोबतची लायब्ररी काढायचं राहिलं. आणि माझ्या व डेबियनच्या, दोन्ही लायब्रऱ्यांची मालिका २.०, म्हणून जोडनाव तंतोतंत सारखं. लोडर नावानं शोधतो, जो पहिला सापडेल तो घेतो. डेबियनमध्ये शोधायच्या जागा सांगणाऱ्या फाइली नावाच्या क्रमानं वाचल्या जातात. यूएसआर-लोकल-लिब सांगणारी लिबसी.कॉन्फ आधी येते, डेबियनच्या लायब्रऱ्यांची जागा सांगणारी, एक्स८६ च्या नावाची, नंतर. त्यामुळे माझी २०२२ ची लायब्ररी दर वेळी डेबियनच्या २.०.८ च्या पुढे रांगेत उभी. तिला ओपनएसएसएल १.१ हवं. ते शनिवारपर्यंत होतं, आणि "निरुपयोगी" पॅकेजांबरोबर मीच काढून टाकलं.

ॲप्टचंही चुकलं नाही. त्याच्या हिशेबी १.१ कोणालाच लागत नव्हतं. माझी लायब्ररी त्याच्या वहीत नोंदलेलीच नव्हती.

मंगळवार

काही हलवण्याआधी सिद्ध करून बघायचं ठरवलं. एलडी-लायब्ररी-पाथ या चलात डेबियनची लायब्रऱ्यांची जागा दिली, फक्त त्या एका वेळेपुरती, आणि प्रोग्राम सुरू केला.

खिडकी उघडली. पूर्ण यादी, माझ्या सगळ्या वर्गवाऱ्या, सगळं. बंद केलं, चल न देता पुन्हा उघडलं, पुन्हा तीच लाल ओळ. पुन्हा चल दिला, पुन्हा उघडलं. एवढं झाल्यावरच फाइलींना हात लावला.

कंपाइल केल्यावर सीमेक हे बांधणीचं साधन एक यादी ठेवतं, कोणती फाइल कुठे बसवली त्याची. ते फोल्डर जपून ठेवलं असेल तर काढणं दोन मिनिटांचं काम आहे. माझं फोल्डर केव्हाच गेलं होतं, त्यामुळे यूएसआर-लोकलमध्ये फेब्रुवारी २०२२ च्या तारखेच्या सगळ्या फाइली फाइंडनं शोधल्या. मूळ लायब्ररी, तिच्याकडे बोट दाखवणारे दोन दुवे, हेडर फाइलींचं एक फोल्डर, पीकेजी-कॉन्फिगची एक फाइल आणि सीमेकच्या काही. पुसल्या नाहीत, घरच्या फोल्डरात एका बाजूला हलवल्या. मग एलडीकॉन्फिग चालवलं. हे विसरून चालत नाही, कारण लोडर आधी त्यानं बनवलेली साठवलेली यादी बघतो. एलडीडीला पुन्हा विचारलं. लिबटॉरंट आता डेबियनच्या जागेवरून येत होती आणि "सापडली नाही" कुठेच नव्हतं.

मेनूतून क्लिक केलं. उघडलं.

पण वह्यांच्या टॉरंटसमोर लाल अक्षरात, फाइली हरवल्या. हे मात्र लगेच समजलं. वह्या बाहेरच्या डिस्कवर आहेत, आणि त्या डिस्कचं जुनं रिकामं फोल्डर, डिस्का जिथे जोडल्या जातात त्या मीडिया फोल्डरात, उरलं असल्यानं या वेळी ती नावापुढे १ लावून जोडली गेली होती. डिस्क काढली, रिकामं फोल्डर पुसलं, परत लावली. आता तिचा यूयूआयडी (डिस्कचा ओळखक्रमांक) एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची ती यादी) लिहून जागा कायमची ठरवली आहे, सोबत 'नोफेल' हा पर्याय, म्हणजे डिस्क लावलेली नसली तरी मशीन सुरू होताना अडणार नाही.

मग टॉरंटची सक्तीची फेरतपासणी लावली. ३८ जीबी, जुनी फिरती डिस्क, पाऊण तास लागला. मी तिथेच बसून होते. टक्केवारी चढत असताना मध्येच पाचव्या वहीतलं एक पान उघडलं. आजोबांनी पूर्वरंगाच्या कडेला लाल शाईनं लिहिलंय, "इथे थांबणे. झांज." १०० टक्के झाले, एकही तुकडा खराब नाही.

फ्लॅटपॅक काढून टाकलं. बाजूला ठेवलेल्या जुन्या फाइली आठवडाभर तशाच ठेवणार, काही लागलं नाही तर पुसेन. यूएसआर-लोकलमध्ये 'वाचा' नावाची एक साधी मजकूर फाइल ठेवली आहे. तिथे काहीही हातानं बसवलं की तारीख, कारण आणि काढायची रीत, तीन ओळी लिहायच्या. आजची पहिली नोंद उलटी आहे, काय काढलं त्याची.

रात्री दहाला पीअरच्या, म्हणजे टॉरंटशी जोडलेल्या कॉम्प्युटरांच्या, यादीत एक ओळ आली. अपलोडचा आकडा शून्यावरून ४० वर गेला, मग ३००, मग सेकंदाला ९०० केबी. त्याच्या बाजूची प्रगती ६१.४ होती. चहा करून आले तोवर ६२.८.

साडेदहाला वडोदऱ्याहून मेसेज: "ताई, सहावी वही यायला लागली."