दोन रकान्यांची वही

कॅलिफोर्नियातील आपल्या रविवारच्या मराठी शाळेच्या जुन्या हजेरीपटात २००७ सालच्या पानावर माझे नाव विद्यार्थिनी म्हणून आहे. खरे तर मला मराठी शिकवण्यासारखे या शाळेकडे तेव्हा काहीच नव्हते, कारण सातारा जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेतून नववी उत्तीर्ण होऊन मी जुलैमध्ये कॅलिफोर्नियात उतरले होते. आत्याने पुष्कळ वर्षांपूर्वी वडिलांसाठी भरलेल्या अर्जाला अखेर फळ आले आणि आम्ही चौघे ग्रीन कार्डावर इथे आलो. रविवारी सकाळी मराठी कानावर पडेल एवढ्याच आशेने आईने मला या शाळेत आणून सोडले. तिथे लहान मुलांच्या वर्गाची व्यवस्था पाहणाऱ्या काकूंनी मला मदतनीस म्हणून बसवले खरे, पण नाव मात्र विद्यार्थिनींत लिहिले, कारण त्यांच्या मते मला शिकण्यासारखे इथे बरेच काही होते. ते काय होते, हे मला पुढच्या तीन वर्षांत कळले.

आमच्या घरात अमेरिकन शाळेच्या शब्दांचाच पहिला घोटाळा होता. मुलीला बारावीनंतर ‘डिप्लोमा’ मिळणार असे कळल्यावर वडिलांना वाटले की आपल्याकडच्या तंत्रनिकेतनासारखी पदविका मिळणार, आणि फोनवर ‘ग्रॅज्युएशन’ हा शब्द ऐकून आजीने विचारले, की बारावीलाच पोर पदवीधर कशी होईल? बोर्डाची एकच परीक्षा आणि एकच गुणपत्रिका, या हिशेबात वाढलेल्या आम्हाला हे ठाऊकच नव्हते की इथे नववीपासूनची चार वर्षे मोजली जातात, प्रत्येक सेमिस्टरचा प्रत्येक विषय क्रेडिटच्या रूपात ‘ट्रान्सक्रिप्ट’ या एकत्रित गुणपत्रकात साठत जातो, आणि साठलेला हिशेब बरोबर नसेल तर शेवटी चांगला अभ्यास करूनही उपयोग होत नाही.

हायस्कूलच्या काउन्सेलरनी माझे प्रगतिपुस्तक आणि शाळा सोडल्याचा दाखला उलटसुलट करून पाहिला आणि मला दहावीचे वेळापत्रक दिले. त्यात पुन्हा पहिल्या पायरीचे बीजगणित होते, स्पॅनिशचे पहिले वर्ष होते, आणि इंग्रजीच्या चाचणीत मी मागे पडल्यामुळे परभाषिक मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या ईएलडी या वर्गाचे दोन तास होते. त्या काउन्सेलरना मी दोष देत नाही. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची संघटना एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत अशी शिफारस करते, आणि त्यांच्याकडे तेव्हा चारशेहून अधिक होते. देवनागरीतला कागद समजून घ्यायला त्यांना सवड कुठून मिळणार?

ते वेळापत्रक मी रविवारी सहज काकूंना दाखवले. मुलांची प्रार्थना होईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांनी दोनशे पानी वही काढली, पानाच्या मधोमध उभी रेघ ओढली, डावीकडे ‘शाळेतून सुटणे’ असे लिहिले आणि उजवीकडे ‘विद्यापीठात शिरणे’ असे लिहिले. माझ्या आयुष्यातला इथल्या शिक्षणाचा पहिला धडा हाच होता, की हे दोन हिशेब वेगळे आहेत आणि डावा रकाना पूर्ण भरला म्हणून उजवा आपोआप भरत नाही.

डाव्या रकान्यात कॅलिफोर्निया राज्याने डिप्लोमासाठी घातलेल्या किमान अटी होत्या: इंग्रजी ३ वर्षे, गणित २, विज्ञान २, सामाजिक शास्त्रे ३ आणि शारीरिक शिक्षण २. सामाजिक शास्त्रांत जगाचा इतिहास, अमेरिकेचा इतिहास आणि प्रत्येकी एक सेमिस्टर शासनव्यवस्था व अर्थशास्त्र येत असे, शिवाय कला किंवा परभाषा यांपैकी एकाचे एक वर्ष लागे. त्यावर आमच्या हायस्कूलने स्वतःच्या जादा अटी आणि ४० तासांच्या समाजसेवेची भर घातली होती. उजव्या रकान्यात राज्याच्या सरकारी विद्यापीठांनी प्रवेशासाठी ठरवलेले, ‘ए ते जी’ या अक्षरांनी ओळखले जाणारे १५ वार्षिक अभ्यासक्रम होते, ज्यांत इंग्रजी ४ वर्षे आणि गणित ३ वर्षे लागते, प्रयोगशाळेसह विज्ञान २ वर्षे लागते, परभाषा २ वर्षे लागते, आणि प्रत्येकात ‘सी’ किंवा त्याहून वरची श्रेणी असावी लागते. ‘डी’ मिळाला तर डावीकडे क्रेडिट जमा होते, उजवीकडे मात्र ती जागा रिकामीच राहते. माझे ईएलडीचे दोन तास डावीकडे जमा होत होते, पण उजवीकडे अशा वर्गांपैकी जास्तीत जास्त एकच वर्ष, तेही वरच्या पातळीचे, इंग्रजी म्हणून धरले जाणार होते. म्हणजे मी त्या वेळापत्रकाप्रमाणे निमूटपणे चालत राहिले असते तर टोपी आणि झगा घालून दिमाखात व्यासपीठावर चढले असते, आणि विद्यापीठाचा अर्ज भरण्यासही पात्र ठरले नसते.

मग काकूंनी एकेक ओळ हातात घेतली. माझ्या ट्रंकेत नववीची बीजगणिताची आणि भूमितीची अशी दोन स्वतंत्र पुस्तके होती, ती त्यांनी मागवून घेतली. प्रगतिपुस्तकावर नुसते ‘गणित’ लिहिले आहे, त्यावरून आत काय शिकवले ते कुणाला कळणार, असे म्हणत त्यांनी दोन्ही अनुक्रमणिका इंग्रजीत उतरवून काढल्या आणि मला त्या घेऊन काउन्सेलरकडे पाठवले. स्वतः आल्या नाहीत. बोलायचे मीच, चुकत का होईना, अशी त्यांची अट होती. शाळेने माझी चाचणी घेतली. समद्विभुज त्रिकोणाला इथे काय म्हणतात हे मला माहीत नव्हते, आकृती मात्र ओळखीची होती. चौथ्या आठवड्यात मी वरच्या बीजगणिताच्या वर्गात जाऊन बसले, आणि त्या एका बदलामुळेच बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोहोचले.

परभाषेची गोष्ट मला अजून सांगाविशी वाटते, कारण आमच्या घरात तोवर माझे मराठी माध्यम ही एक उणीव समजली जात होती. नातेवाईक हळहळत, की पोरीला इंग्रजी माध्यमात घातले असते तर आज एवढी धडपड करावी लागली नसती. काकूंनी विद्यापीठाच्या माहितीपत्रकात एक नियम शोधून काढला: विद्यार्थ्याने सहावी किंवा त्यापुढच्या इयत्तांत किमान दोन वर्षे इंग्रजीखेरीज अन्य भाषेच्या माध्यमातून रीतसर शिक्षण घेतले असेल, तर परभाषेची अट पूर्ण झाली असे मानले जाते. माझी तर सहावी ते नववी अशी चार वर्षे होती! गावच्या मुख्याध्यापकांना पत्र पाठवून आम्ही माध्यमाचा उल्लेख असलेला दाखला मागवला, तो सव्वा महिन्याने आला. वहीच्या उजव्या रकान्यात ‘ई’ या अक्षरासमोर काकूंनी ‘मराठी’ असे लिहिले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. स्पॅनिशचा तास सुटला, त्या जागी रसायनशास्त्र आले.

त्या वर्षी राज्याची एक्झिट परीक्षाही द्यावी लागली. २००६ च्या तुकडीपासून तिच्याशिवाय डिप्लोमा मिळत नसे, आणि २०१५ मध्ये ती बंद झाल्यामुळे आजच्या मुलांना तिचे नावही ठाऊक नाही. इंग्रजी आणि गणित या दोन्ही भागांत ३५० गुणांची रेघ होती. गणित पहिल्याच वेळी पार पडले, इंग्रजीत मी ३४१ वर अडकले. घरी रडारड झाली, कारण नापास या शब्दाचा आमच्याकडचा अर्थ वर्ष वाया जाणे असा होता. इथे अकरावीत ती परीक्षा पुन्हा देता येते, हे आईला पटवायला काकू संध्याकाळी घरी आल्या. माझा कच्चा निबंध वाचून मात्र त्या मनापासून हसल्या. मी शाळेत शिकवलेल्या पद्धतीप्रमाणे सुभाषिताने सुरुवात केली होती, मग निसर्गवर्णन केले होते, आणि मुद्दा शेवटच्या परिच्छेदात ठेवला होता. “अगं, तपासणाऱ्याला तुझ्या मुद्द्यापर्यंत पोहोचायला दोन मिनिटं असतात,” असे सांगून त्यांनी मला पहिल्याच वाक्यात आपले म्हणणे मांडायला लावले. दर रविवारी एक निबंध, मुले गेल्यानंतर रिकाम्या वर्गात, असा क्रम आठ महिने चालला. अकरावीत ती परीक्षा पार पडली, आणि तोवर ईएलडीही सुटले होते.

तरीही उजवीकडे इंग्रजीचे एक वर्ष कमी पडत होते. ते भरून काढण्यासाठी अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात मी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयात, लेखनाचा एक अभ्यासक्रम केला, कारण विद्यापीठ तशा एका सेमिस्टरच्या अभ्यासक्रमाला हायस्कूलच्या एका वर्षाइतके मानते. आपल्या समाजात कम्युनिटी कॉलेजकडे नाक मुरडून पाहणारे पालक तेव्हाही होते आणि आजही आहेत. काकूंचे मत याच्या अगदी उलट होते. ज्यांचा उजवा रकाना बारावीपर्यंत भरत नाही त्यांनी दोन वर्षे तिथे काढून पुढे विद्यापीठात जावे, शुल्कही कितीतरी कमी पडते, असे त्या पालकसभेत स्पष्टपणे सांगत, आणि त्यामुळे काही जणांना त्या आवडतही नसत. माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठा असलेला आमच्या शाळेचा एक मदतनीस याच मार्गाने गेला आणि आज स्थापत्य अभियंता आहे.

अर्जाचा हंगाम आला तो नोव्हेंबर २००९ मध्ये. प्रवेशासाठीची सॅट ही परीक्षा तेव्हा २४०० गुणांची होती आणि तिच्यासोबत दोन विषय-परीक्षाही लागत. आता ही विद्यापीठे सॅट पाहतच नाहीत. खरी अडचण मात्र स्वतःविषयीच्या दोन निबंधांची झाली. दोन्ही मिळून हजार शब्दांत आपण कोण आहोत ते सांगायचे होते, आणि आत्मप्रौढी वाईट हे मनावर इतके ठसलेले होते की मी पहिल्या मसुद्यात आईवडिलांचे, गुरुजनांचे आणि काकूंचे आभार मानण्यापलीकडे काही लिहिलेच नव्हते. काकूंनी स्वतःचे नाव असलेले वाक्य खोडले आणि विचारले, की दर रविवारी पाच वर्षांच्या मुलांपुढे तू काय करतेस, तेवढेच जसेच्या तसे लिहिशील का? इथे जन्मलेल्या मुलांच्या तोंडून ‘ळ’ यावा म्हणून मी त्यांना जीभ मागे वळवून आरशात पाहायला लावत असे, ‘बाळ’ आणि ‘बाल’ यांच्या चित्रांचे पत्ते करत असे, आणि जे मूल सहा आठवडे गप्प राहिले ते सातव्या आठवड्यात ‘फळा’ म्हणाले तेव्हा मीच रडले होते. ते सारे लिहिले. समाजसेवेचे ४० तास त्याच वर्गात केव्हाच भरून गेले होते.

अर्जाची मुदत ३० नोव्हेंबरला संपत होती आणि १९ तारखेला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने शुल्क ३२ टक्क्यांनी वाढवण्याचा निर्णय घेतला. राज्याच्या तिजोरीत खडखडाट होता, विद्यापीठांच्या आवारांत निदर्शने चालू होती, आणि टीव्हीवरच्या त्या बातमीने वडिलांचा धीर सुटला. ते दुकानात काम करत होते आणि कर्ज या शब्दाची त्यांना धास्ती होती. अर्ज नको, असे ते म्हणाले. काकूंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. वार्षिक उत्पन्न ७० हजार डॉलरच्या आत असलेल्या राज्यातील पात्र कुटुंबांचे शुल्क अनुदानांतून भागवण्याची विद्यापीठाची योजना होती, तिचा कागद त्यांनी वडिलांपुढे ठेवला आणि जानेवारीत आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एफएएफएसए हा आर्थिक साहाय्याचा अर्ज त्यांच्याकडूनच भरून घेतला. राज्याच्या कॅल ग्रँट या अनुदानासाठी तो २ मार्चच्या आत जावा लागे. तो १४ फेब्रुवारीला गेला. हा अर्ज भरणे किंवा तो भरायचा नाही असे लेखी कळवणे आता बारावीच्या प्रत्येक मुलाला कायद्याने लागू आहे, हे मला फार योग्य वाटते, कारण आमच्यासारखी किती कुटुंबे केवळ तो कागद न भरल्यामुळे मागे फिरली असतील!

आज या शाळेतील मुलांपुढे वेगळे प्रश्न आहेत. ती इथेच जन्मली, त्यांचे इंग्रजी उत्तम आहे, आणि २०१२ पासून राज्यात लागू झालेल्या द्विभाषिकतेच्या शिक्क्यासाठी (सील ऑफ बायलिटरसी) ती मराठीची परीक्षा देतात, म्हणजे मराठी त्यांच्या डिप्लोमावरच उमटते. तरी अकरावीच्या मुलांबरोबर मी महिन्यातून एक रविवार बसते तेव्हा सर्वांकडे संगणकावरचा सुबक तक्ता असतो, आणि रकाना मात्र बहुधा एकच असतो. दुसरा काढायला मला पेन लागते.

जून २०१० मधल्या त्या संध्याकाळी व्यासपीठावर माझ्या हातात दिलेले डिप्लोमाचे वेष्टन रिकामे होते. खरा कागद ग्रंथालयाची पुस्तके परत केल्यावर कार्यालयातून मिळणार होता. आई, वडील आणि आत्या मैदानाच्या दगडी पायऱ्यांवर हार घेऊन उभे होते, आणि काकू त्यांच्या मागे होत्या. त्यांनी मला जवळ घेतले, पाठीवरून हात फिरवला आणि कानाशी विचारले, “एक जुलैच्या आत शेवटचं ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाला पोहोचायला हवं, मागणीचा अर्ज दिलास ना?” मी दिला नव्हता. सोमवारी सकाळी आठ वाजता कार्यालय उघडले तेव्हा दारात मीच पहिली होते.