तुम्ही विचारलंत म्हणून: ती भिंत का फोडली

लग्नात, तेराव्याला, परतवाड्याच्या बसस्टँडवर, कुठेही गाठ पडली की प्रश्न तोच: "विदर्भात फायरप्लेस? डोकं ठिकाणावर आहे ना?" एकदाच लिहून टाकते.

विदर्भ म्हणजे नुसता अकोल्याचा मे महिना नव्हे. चिखलदरा जवळपास १,१०० मीटर उंचीवर आहे. जानेवारीतली एक रात्र तिथे काढा, मग बोलू. आणि फायरप्लेस मी बांधलेली नाही. तिथल्या आमच्या इंग्रजांच्या काळातल्या बंगल्यात ती होतीच. बाबांनी विटा-सिमेंट लावून बुजवली होती. मी फक्त ती भिंत फोडली.

शिवाय ओल. खालचं तोंड बंद, वर धुराडं उघडं. पावसाचं पाणी आत उतरायचं आणि आतली हवा तिथेच कोंडायची. दर श्रावणात त्या भिंतीच्या रंगाचे पापुद्रे सुटायचे. वर झाकण आणि खाली जाळी बसवली असती तरी भागलं असतं, असं माझा भाऊ म्हणतो. असतं भागलं. मला विस्तव हवा होता. झालं समाधान?

विटा काढण्याआधी अचलपूरचे मिस्त्री म्हणाले होते, "ताई, बुजवनाऱ्यानं उगीच नसन बुजवली." बाबांना विचारलं, तर "आता आठवत नाही." आमची आत्या मात्र ठामपणे सांगते, लाकडाचा खर्च वाचावा म्हणून बुजवली.

आतून पोतंभर काजळी आणि पाखरांच्या काड्या निघाल्या. मग मिस्त्रींनी धुराड्यावर ओलं पोतं दाबलं, खाली ओलं गवत पेटवलं, आणि धूर कुठून फुटतो ते बघायला माळ्यावर चढले. लगेच हाक आली. छताची सागवानी तुळई थेट धुराड्याच्या विटांत रोवलेली होती आणि त्या सांध्यातून धूर निघत होता. मिस्त्रींनी पटाशीनं टोक खरवडलं. आत नुसता कोळसा. सांध्यावर सिमेंटचा एक ओबडधोबड थर होता, थापी न वापरता हातानेच लिंपलेला. चार बोटांचे ओरखडे स्पष्ट दिसत होते.

बाबा व्हरांड्यात पेपर वाचत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुझी खाट त्या तुळईच्याच खाली होती."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुझ्या आजीनं त्या घरात पुन्हा पाऊल ठेवलं नसतं."

आणि म्हणून इतकी वर्षं चिक्कू म्हणवून घेतलं! मला गहिवरून वगैरे आलं नाही, राग आला. अजूनही आहे. समजा आम्ही न तपासता पेटवली असती तर?

पुन्हा बुजवून टाकायला हवी होती, हे मला कळतं. तरी तुळईचं जळकं टोक कापलं, खाली लोखंडी आधार दिला, धुराड्यात स्टीलचा पाइप सोडला. पाइप अरुंद, म्हणून समोरचं तोंडही लहान करावं लागलं. नाही तर धूर खोलीत येतो. "हे मूळचं राहिलं नाही," म्हणणारे आता भेटतात. सुरुवातीला मीही जुनं तसंच ठेवायच्या हट्टाला पेटले होते. मग काय, जळकी तुळईही तशीच ठेवायची होती?

लाकूड जंगलातून आणत नाही. परतवाड्याहून वाळलेली बाभूळ विकत आणते, पावतीसकट.

थंडीत बाबा येतात. खुर्ची दाराशी घेतात. विस्तवाला हवा लागते म्हणून मी खिडकी जराशी उघडी ठेवते. ते उठून लावून घेतात, मी पुन्हा उघडते. "थंडी वाजते म्हणून पेटवायची आणि वर खिडकी उघडी ठेवायची," ते म्हणतात, "तुझं तुलाच कळतं का?"