आमची वाटचाल: फँटमपासून प्रोटॉनच्या चित्रापर्यंत

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात आधी फक्त फँटम बनायचे. फँटम म्हणजे ॲक्रिलिकचे ठोकळे. रुग्णाच्या जागी ठेवून रेडिओथेरपी मशीनचा डोस त्यांच्यावर तपासतात. धंदा बेताचा. उधारीचं तर विचारूच नका.

2019 मध्ये चेन्नईत प्रोटॉन थेरपी, म्हणजे प्रोटॉनच्या झोताने कर्करोगाच्या गाठीवर उपचार, आली, 2023 मध्ये खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर सर्वांत जास्त ऊर्जा ओततो आणि तिथेच थांबतो. पण नेमका कुठे थांबणार, हे गणित एक्स-रे सीटीवरून मांडावं लागतं, आणि शरीरात दोघांचं वागणं निराळं. म्हणून खोलीच्या साधारण 3.5 टक्के मार्जिन, म्हणजे चुकीसाठी जास्तीची जागा, ठेवतात. 20 सेंटिमीटर खोलीवर ते झाले 7 मिलिमीटर. गाठीला लागून मज्जारज्जू असेल तर हे थोडे नव्हेत.

सीटी स्कॅनचं गणित मांडणारे ॲलन कॉरमॅक यांनी 1963 मध्येच सुचवलं होतं: प्रोटॉनच आरपार पाठवा आणि पलीकडे किती ऊर्जा उरली ते मोजा. 230 एमईव्हीचा (एमईव्ही हे ऊर्जेचं एकक) प्रोटॉन सुमारे 33 सेंटिमीटर पाणी पार करतो. परदेशात एकेका प्रोटॉनचा माग काढणारे डिटेक्टर बनलेत. ते आमच्या आवाक्याबाहेरचे. पण पेन्सिल बीमचा, म्हणजे प्रोटॉनच्या बारीक झोताचा, ठिपका कुठे पडला हे मशीनला ठाऊकच असतं. मग आम्ही मागे प्लास्टिक सिंटिलेटर (प्रोटॉन आत शिरला की उजळणारं प्लास्टिक) ठेवला, बाजूला कॅमेरा, वरून काळं कापड. उजेड कुठवर पोचला ते बघायचं. गोम एवढीच, की प्रोटॉन थांबत येतो नेमका तिथेच सिंटिलेटर उजेड द्यायला हात आखडतो. ती दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये करताना आमच्या पोरांचा घाम निघाला.

बीम मिळायचा तो रुग्ण संपल्यावर, रात्री. एकदा खाटकाकडून बोकडाचं मुंडकं थर्माकोलच्या खोक्यात घालून नेलं, तर वॉचमनने विचारलं, "साहेब, आत पार्टी आहे का?" पडद्यावर जबडा दिसला, दाढाही दिसल्या, पण कडा धूसर. अंगातून जाताना प्रोटॉन थोडे इकडेतिकडे ढकलले जातात, त्याला इलाज नाही. मला विचाराल तर देखण्या चित्राचा हट्टच नको. ते सीटी देतोच. आपल्याला हवा आकडा: वाटेत किती पाण्याइतका अडथळा आहे.

सध्या हा डिटेक्टर मशीनच्या क्यूएपुरताच, म्हणजे मशीन नीट चालतंय का ते तपासण्यापुरताच आहे. रुग्णावर वापरायचा तर सीडीएससीओचं (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी केंद्र सरकारची संस्था) लायसन्स लागेल, त्या फायली चालू आहेत. जाड माणसाच्या कमरेतून आडवा बीम पार होत नाही, म्हणून अर्जात सुरुवात डोकं-मान आणि लहान मुलांपासून धरली आहे.