मंडईत जाल तर मान वर करून बघा

पुण्यातली महात्मा फुले मंडई बघायची तर सकाळी लवकर जा. आम्ही सातच्या सुमारास पोहोचलो. तेव्हा माल नुकताच लागत होता आणि चालायला ऐसपैस जागा होती. मेट्रोचं भुयारी स्थानक आता अगदी शेजारीच आहे, त्यामुळे गाडी नेऊ नका. शुक्रवार पेठेत पार्किंग शोधण्यातच अर्धी सकाळ जाते.

आत शिरण्याआधी इमारतीला बाहेरून एक चक्कर मारा. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्यातून फुटलेल्या लांब भुजा, काळा दगड, टोकदार कमानी. १८८६ साली ही बांधून पूर्ण झाली. आराखडा कर्नल वॉल्टर ड्यूकॅट यांचा, बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांचं. त्याआधी भाजीबाजार भरायचा शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात, उघड्यावर. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून हिचं नाव ठेवलं रे मार्केट.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो या नावाचाच इतिहास. जोतीराव फुले तेव्हा नगरपालिकेचे सदस्य होते. एवढा पैसा मार्केटवर घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा, असं सांगत त्यांनी या बांधकामाला विरोध केला. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने याच वास्तूला फुल्यांचं नाव मिळालं. ज्यांनी विरोध केला त्यांचं नाव, आणि तेही रोज हजारो लोकांच्या तोंडी! पुण्याने केलेल्या चांगल्या कामांत मी हे फार वर धरतो. बरोबर मुलं असतील तर त्यांना ही गोष्ट मनोऱ्याखाली उभं करून सांगा.

आत विक्रेते उंच गाळ्यांवर बसतात, गिऱ्हाईक खाली उभं. एक मावशी कोथिंबिरीच्या जुड्या मुळं बाहेर, पाला आत अशा गोल रचत होत्या आणि मधूनच ओंजळीने पाणी शिंपडत होत्या. फोटो काढू का विचारलं, तर म्हणाल्या, "काढा की, पण आधी बोहनी करा." दोन जुड्या घेतल्या. तुम्हीही विचारल्याशिवाय कॅमेरा रोखू नका आणि चिंचोळ्या वाटेत उभे राहू नका. मागून डोक्यावर पाटी घेतलेला हमाल येत असतो.

छताकडे जरूर बघा. एवढ्या उंचीमुळेच गर्दीतही आत कोंदट वाटत नाही. एके काळी नगरपालिकेची कचेरीही याच इमारतीत वरच्या मजल्यावर होती. बाहेर टिळकांचा पुतळा आहे. १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचं अनावरण झालं होतं.

कापडी पिशवी आणि सुटे पैसे जवळ असू द्या. चपला घसरणाऱ्या नकोत, खाली ओल असते. गणपतीच्या दिवसांत इमारत बघायची म्हणून येऊ नका, तेव्हा पाऊल ठेवायला जागा नसते. तुळशीबाग चालत पाच मिनिटांवर आहे, पण तिथली दुकानं उशिरा उघडतात, म्हणून आधी मंडई, मग पोटभर न्याहारी आणि त्यानंतरच तिकडे वळा.